कोपऱ्यातली फुलं

तापानं फणफणलेल्या आईच्या अंगावर ज्युलियानानं पॅरिसमध्ये गाजलेली शाल पांघरली. "तुझ्याच गोधडीवरून शिवलीय, आई. आता कंपनी माझी. नावही आपलं, सिद्दींचं."

दृष्टी गेलेली आई बोटांनी ठिगळं चाचपत गेली. कोपऱ्याशी बोटं थबकली.

"फुलं कुठायत गं?"

आफ्रिकेतून आलेल्या वाडवडलांच्या या सिद्दी लेकी गोधडीच्या चारही कोपऱ्यांत कापडी फुलं टाचतात. त्यांवाचून गोधडी नागडी. कंपनीचा जुना शेठ ती काढायला लावायचा, तेव्हा मायलेकी रडायच्या.

"त्या मेल्यानंच काढली ना?"

"तो कुठला आता?" ज्युलियाना पुटपुटली. "मीच काढली. सुटसुटीत दिसते म्हणून."

आईनं रिकामा कोपरा पुन्हा चाचपला. मग कुडकुडतच तिनं शाल अंगावरून सारली.

"त्याला शिव्या तरी देता यायच्या," ती म्हणाली.