हिरवे दाणे

बचत गटाच्या धुण्याच्या पावडरीत जाहिरातीतल्यासारखे हिरवे दाणे नाहीत म्हणून दुकानदाराने सगळी पोती परत पाठवली. गट बुडायला आला आणि तो चालवणारी शेवंता पेटली. दाण्यांनी मळ निघतो, असं यांना सांगितलं कुणी?

तिने थोड्या पावडरीत हिरवं रंगवलेलं मीठ कालवलं, बाकीची तशीच ठेवली. नळावर आळीतल्या बायकांसमोर दोन सारखे मळके शर्ट दोन बादल्यांत धुतले.

"कुठला जास्त पांढरा?"

सगळ्यांनी दाण्यांच्या बादलीतला दाखवला.

"बयांनो, पावडर एकच आहे. दाणे म्हणजे नुसतं मीठ."

"असू दे. मला दाण्यांचीच दोन किलो बांध," भागीरथीकाकू म्हणाल्या.

"कळूनसुद्धा?"

"हळदीनं कुठली नवरी गोरी झाली गं? तरी लावतोच की."

बायका हसत गेल्या. शेवंताने दोन्ही शर्ट उन्हात धरले. मीठ तिनेच कालवलं होतं, तरी दाण्यांचा शर्ट तिलाही जरा उजळ दिसला. तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग स्वतःलाच एक शिवी हासडून ती उरलेल्या पोत्यांसाठी मीठ रंगवायला बसली.