प्लास्टरचा पाय

पुण्याचे रावसाहेब मोटारीनं कोळवणला मी काढलेलं चित्र विकत घ्यायला आले. चित्रात माझी आई भातलावणीहून येऊन ओट्यावर बसलीय. चिखल्यांनी तिच्या पायांची बोटं सोलून निघालीत. तिनंच लावलेल्या आंबेमोहोराचा आमटीभात ओरपत रावसाहेब म्हणाले, “चेहरा अप्रतिम! पण पाय बघवत नाहीत हो. दिवाणखान्यात लावायचंय. जरा गोरे करा, पैंजण घाला.” आईनं लुगडं ओढून पाय झाकले. “घाल की रं पैंजण. पाय लई घाण दिसत्यात.” रावसाहेबांच्या मिशीला चिकटलेली शितं बघून मला शिसारी आली. मुंबईच्या चित्रशाळेत नमुना म्हणून गिरवून गिरवून शेवटी घरी आणलेला ग्रीक देवीचा प्लास्टरचा पाय दाराला टेकण म्हणून होता. तो मी त्यांच्या खरकट्या हातात कोंबला. “ह्यो लावा दिवाणखान्यात. ह्येला चिखल्या व्हत न्हाईत.” ते बाहेर पडले आणि टेकण गेलेलं दार आपसूक लागलं.