लाल ठिपका

लाईट सकाळीच गेली होती, दुपारी मोबाईलही बंद पडले. आता इमर्जन्सी दिव्यावरचे हिरवे ठिपके एकेक करून विझले आणि चार्जिंग संपत आल्याचा लाल ठिपका लागला. नवरा-बायको दोघांनाही ऐकू येत नसे. त्यांचं बोलणं हातांचं, उजेड असेल तोवरचं.

“डॉक्टर काय म्हणाले? मला बाहेर का बसवलंत?” मालनने पुन्हा खुणांनी विचारलं. नवरा गुडघ्यांवर हात ठेवून त्या लाल ठिपक्याकडेच बघत होता. “अहो, दिवा जाईल. लवकर सांगा.”

दिवा गेला.

तिने चाचपडत त्याचे हात धरले आणि ती चरकली. हात हलत होते. बोटं जुळत होती, सुटत होती. तो सगळं सांगत होता. तिने मनगटं घट्ट धरली, बोटं गालाला लावून पाहिली. एक शब्द कळेना. हळूहळू हात शांत झाले.

बऱ्याच वेळाने लाईट आली. त्याने डोळे पुसले, उठून दिवा चार्जिंगला लावला.

“काय सांगत होतात?”

“काही नाही,” त्याचे हात म्हणाले.