चार फेऱ्या, न धडकता

गाडी वळणावर आली आणि धडकली नाही.

दीनानाथचा डोळ्यांवर विश्वास बसेना. गेल्या रविवारी याच वळणावर त्याची गाडी सरळ जाऊन गटारात पडली होती. आज ती आतल्या कडेने शहाण्यासारखी वळली आणि पुढे निघून गेली. त्याने रिमोट आणखी घट्ट धरला. एक फेरी झाली होती, तीन उरल्या होत्या.

चौऱ्याण्णव साल होतं. रोडपालीत तेव्हा रस्ते झाले होते, घरं व्हायची होती. त्या मोकळ्या डांबरावर पनवेलची सात-आठ मंडळी रविवारी सकाळी रिमोटच्या गाड्या पळवत आणि त्याला क्लब म्हणत. क्लबचे प्रमुख कृष्णकांत. बँकेतून निवृत्त झाले होते, पण शिस्त बरोबर घेऊन आले होते. नव्या माणसाने कुठेही न धडकता चार फेऱ्या पुऱ्या करायच्या, तरच तो सभासद, असा त्यांचा नियम. संधी तीन. दीनानाथची ही तिसरी.

आपल्याला गाडी चालवता येत नाही, याबद्दल दीनानाथच्या मनात काही शंका नव्हती. ती लांब जात असली की ठीक. वळून समोरून यायला लागली, की तिचं डावं ते त्याचं उजवं व्हायचं आणि त्याच्या डोक्याचा भुगा व्हायचा. पहिल्या खेपेला गाडी थेट कृष्णकांतांच्या नडगीवर गेली होती. ही हकिगत त्याने ऑफिसात स्वतःच रंगवून सांगितली. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपली फजिती आपणच सांगावी, म्हणजे तिचा थोडा तरी मान राहतो, असा त्याचा अनुभव होता. आणि फजितीच्या बाबतीत त्याचा अनुभव दांडगा होता.

पण आता पुरे झालं होतं. शुक्रवारी जेवताना त्याने बायकोला, वसुंधराला, सांगून टाकलं. या वेळी जमलं नाही तर गाडी पुण्याच्या भाच्याला देऊन टाकायची. ती त्याने दुबईहून परतलेल्या मित्राकडून हौसेने घेतली होती, लांब एरियलच्या दोन रिमोटांसकट. दोन्ही रिमोट एकाच लहरीवर चालत, म्हणून एक कपाटावर पडून असे. वसुंधराने त्या गाडीबद्दल आजवर एकही चांगला शब्द काढला नव्हता. म्हणूनच ती रविवारी मीही येते म्हणाली, तेव्हा त्याला नवल वाटलं. खरं तर फार बरं वाटलं.

आता ती रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसली होती. मांडीवर बाजाराची पिशवी, त्यातून शेवग्याच्या शेंगा वर आलेल्या, आणि दोन्ही हात पिशवीत घालून ती मटार सोलत होती. इथे नवऱ्याचा कस लागलाय आणि हिला मटार सुचतायत. दीनानाथला वाईट वाटलं. निदान नजर तरी गाडीवर होती.

तिसऱ्या फेरीत गाडी समोरून आली. डावं की उजवं? घाबरून त्याने उजवीकडे दाबलं. गाडी डावीकडे गेली, आणि तेच बरोबर होतं. आपले हात आपल्याहून हुशार झाले, असं त्याला वाटलं. आज रिमोटसुद्धा हलका लागत होता. हात बसला की असंच होत असणार. त्यावरचा लाल दिवा उन्हात दिसत नव्हता, पण तो तसा कधीच दिसायचा नाही.

चौथी फेरी तर त्याने छाती काढून चालवली. गाडी रेघ ओलांडून थांबली आणि टाळ्या पडल्या. क्लबातला सगळ्यात वेगवान गडी म्हणजे जासईचा जीवन. तो म्हणाला, "सायेब, आमाला वाटला तुमाला काय येत नाय." दीनानाथने नम्रपणे मान हलवली. असा नम्रपणा दाखवायची संधी त्याला आयुष्यात क्वचितच मिळाली होती.

फेऱ्या झाल्या की रिमोट कृष्णकांतांच्या टेबलावर जमा करायचे, असाही नियम होता. त्यांनी दीनानाथचा रिमोट उचलला, हातात तोलला, मागचं झाकण उघडलं. मग त्याला बाजूला घेतलं.

"दीनानाथराव, यात सेल नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "सभासद म्हणून नाव कुणाचं लिहू, ते विचारून सांगा."

दीनानाथने रिकाम्या खाचांकडे पाहिलं. मग मोरीकडे पाहिलं. पिशवीतल्या शेंगांमधली एक शेंग उन्हात चमकत होती, आणि वसुंधरा ती बोटाने टप्प्याटप्प्याने आत ढकलत होती.

त्याला गलबलून आलं. चार्ज केलेली गाडी रविवारपर्यंत टिकत नाही म्हणून महिनाभर तो मित्राला शिव्या घालत होता. आणि ही बाई, तोंडाने एक शब्द न बोलता, तो ऑफिसात असताना गच्चीवर गाडी चालवायला शिकत होती. चारचौघांत नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून. वीस वर्षांच्या संसारात आपण हिला ओळखलंच नाही, असं त्याला मनापासून वाटलं. तो जाऊन तिच्याजवळ कठड्यावर बसला.

"माझी लाज राखायला तू एवढं केलंस?"

वसुंधराने आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या लाजेचं काय त्यात? तुम्ही नापास झाला असतात तर गाडी पुण्याला गेली असती. मग मी काय चालवलं असतं?"