चतुराबाईचा रविवार

नोटीस हजेरीच्या रजिस्टरवरच चिकटवली होती. येत्या आठवड्यापासून चतुराबाईची सुट्टी रविवारऐवजी बुधवारी. खाली मॅडमची सही.

चतुराबाईनं ती दोनदा वाचली. नऊ वर्षं ती पूर्णेच्या या खासगी दवाखान्यात आया होती. सोबतच्या मालनबाईची सुट्टी रविवारीच राहिली होती. वॉचमनच्या सुट्टीलाही कुणी हात लावला नव्हता. म्हणजे डाव एकट्या तिच्यावरच होता.

ती तडक केबिनमध्ये गेली. दवाखाना सुकेशनी मॅडमचा, डॉक्टरही त्याच. त्यांनी वर न बघताच सांगितलं की रविवारी खेड्यांवरून पेशंट फार येतात, जुनं माणूस हाताशी लागतं. बुधवारी घर मोकळं असतं, चार तास झोप तरी होईल.

चतुराबाईला झोप नको होती. तिला हरिओम हवा होता. तिचा एकुलता एक पोरगा नांदेडला मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला होता. सकाळच्या गाडीनं जायचा, रात्री आठला परतायचा, जेवून आडवा व्हायचा. आईच्या वाट्याला काय तो रविवार. नवरा गेल्यावर दुसऱ्यांची घाण काढून तिनं या पोराला वाढवलं, आणि आता सुट्टीच्या दिवशी बसायचं भिंतीकडं बघत? तिच्या जिवाची नुसती आग आग झाली.

रविवार म्हणजे तिचा सण होता. सुनेनं केलेली भाजी बाजूला सारून ती स्वतः गॅसपाशी उभी राहायची. हरिओमला समोर बसवून वाढायची आणि आठवडाभराचं सगळं त्याच्या कानावर घालायची. सविता कुठं चुकली, फोनवर कुणाशी किती वेळ बोलली, हे आईनं नाही सांगायचं तर कुणी? दोघांनी ताडकळसला, सविताच्या माहेरी जायचं काढलं की नेमकं चतुराबाईच्या छातीत दुखायचं. मग हरिओम बूट काढून मुकाट खाली बसायचा. गुणाचं पोर.

त्याच संध्याकाळी तिनं हरिओमला अर्ज लिहायला बसवलं. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. एक दिवस रजा टाकून परभणीच्या कामगार कार्यालयात देऊन येतो म्हणाला. आणि आल्यावर दिला म्हणाला.

दोन महिने गेले तरी तिकडून कुणी फिरकलं नाही.

चतुराबाई काही गप्प बसणारी नव्हती. मॅडमच्या चहात आलं घालणं तिनं पहिल्याच दिवशी बंद केलं. मॅडम राउंडला निघाल्या की नेमकी केबिनच्या दारात ती फरशी पुसायला बसायची, आणि पुसणं संपता संपायचं नाही. रविवारच्या रविवारी तिचा राग ताजा व्हायचा. घरी हरिओम असणार, त्याला सविता वाढत असणार, या विचारानं तिला घास जायचा नाही. मालनबाईनं सोडून दे म्हणून समजावून बघितलं.

‘सोडायची न्हाई,’ चतुराबाई म्हणाली. ‘सगळ्यांसमोर नाक घासायला लावते का न्हाई बघ.’

एका बुधवारी ती स्वतःच बसनं परभणीला गेली. तिथल्या क्लार्कनं आवक रजिस्टर मागंपुढं चाळलं. तिच्या नावाचा एकही अर्ज आलेला नव्हता. चतुराबाईला सगळं कळून चुकलं. मॅडमचे हात इथवर पोचले होते, अर्ज दाबला होता. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा हरिओमचं तोंड उतरलं. जाऊ दे आई, नोकरी जाईल तुझी, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बापासारखंच भित्रं, असं म्हणून तिनं त्याला मनातल्या मनात माफ केलं.

पण नवा अर्ज ती तिथंच देऊन आली होती. सोबत नेमणुकीचा कागद होता आणि त्यावर छापलेलं होतं, साप्ताहिक सुट्टी रविवार.

पंधरा दिवसांनी कामगार कार्यालयाचे साहेब दवाखान्यात आले. कागदावर ठरलेला वार कामगाराची संमती घेतल्याशिवाय परस्पर बदलता येत नाही, असं त्यांनी मॅडमला स्पष्ट सांगितलं. चतुराबाई भांडायच्या तयारीनं पदर खोचून उभी होती. मॅडमनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि रविवार परत लिहून दिला.

दुसरी एखादी असती तर पेढे वाटून मोकळी झाली असती. चतुराबाईचं तेवढ्यानं भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सा, मालनबाई आणि दोन पेशंट यांच्यादेखत तिनं मॅडमना अडवलं. माझी माफी मागा म्हणाली, आणि सगळ्यांना सोडून माझाच वार का बदलला तेही सांगा म्हणाली.

मॅडम तिला आत घेऊन गेल्या आणि दार लावलं.

‘मावशी, मला हे करायचं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या घरचं माणूस आलं होतं. माझ्यासमोर हात जोडले. नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय मी.’

चतुराबाई खुर्चीत बसली. नऊ वर्षांत त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसली होती. मॅडमवरचा तिचा राग एका क्षणात उतरला आणि जसाच्या तसा सवितावर गेला. रविवारी नवऱ्यासोबत एकटीला राहायचं होतं तर. आता हरिओमलाच सांगायचं, त्याच्याच हातानं तिला ताडकळसला पोचती करायची. तिला आतून बरंसुद्धा वाटलं.

‘तिचं सामान आजच बाहेर काढते,’ ती म्हणाली. ‘आता त्या घरात एक तर सविता ऱ्हाईल, न्हाई तर मी आन माझा पोरगा.’

ती उठून दाराकडं निघाली, तशी मॅडमनी हात धरून तिला थांबवलं.

‘सविता नव्हती, मावशी,’ त्या म्हणाल्या. ‘हरिओम आला होता. म्हणाला, आठवड्यातून एक दिवस तरी आईला माझ्यापासून लांब ठेवा.’