‘फिट’चा दाखला

आम्रपालीची आई चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर रंगकाम करायची. खोकून खोकून गेली, पण कंपनीच्या डॉक्टरांनी तिला कधी स्टेथोस्कोपही न लावता शेवटपर्यंत ‘फिट’ असाच दाखला दिला. आम्रपाली शिकली, कामगारांच्या आरोग्याची सल्लागार झाली आणि दोन वर्षं चाकणजवळच्या कुरुळीत कामगारांच्या खोल्याखोल्यांत हिंडून तिने त्याच डॉक्टरांचे तसले खोटे दाखले गोळा केले. आज वैद्यकीय परिषदेच्या चौकशीअंती त्यांचा परवाना रद्द झाला. परिषदेच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसून त्यांनी तिला हात जोडले. “मॅडम, तीस वर्षांची प्रॅक्टिस बुडाली. मी तुमचं काय वाकडं केलं होतं?” “माझ्या आईला मारलंत.” ते गोंधळले. “कोण तुमची आई? नाव काय?” नाव तिच्या ओठांवर आलं, पण तिने ते गिळलं. दाखल्यांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, “तीनशे बारा बायका आहेत. त्यातली कोणती, तुम्हीच ओळखा.”