विहिरीवरची गंमत

पोहायला शिकायचंच, असं ठरवून बाविसाव्या वर्षी मी मामाच्या विहिरीवर उभी होते. पाठीला रिकामा डबा बांधलेला होता. गेल्या उन्हाळ्यात मामेभाऊ भूषणनं मला गमतीनं ढकललं होतं. गंमत म्हणे! त्यानंतर वर्षभर मला डोक्यावरून तांब्याभर पाणी ओतायचीही भीती वाटायची. "नाशिकच्या मॅडम, मारता का उडी, का देऊ धक्का?" तो मागून खिदळला. पाण्यातून मामा ओरडला, "ये गं पोरी, मी हाय ना!" मी रागानं वळले. सगळी पोरं ओलीचिंब, भूषण मात्र कोरडा ठणठणीत. रोज सगळ्यांना ढकलणारा हा स्वतः कधी उतरतो? डबा सोडून मी त्याच्यापुढे धरला. "घे. आधी तू." तो मागे सरकला. "मला नाय येत." "मलाही नाही. चल, पायऱ्यांनी." पाण्यात पाय बुडताच मी किंचाळले. तो माझ्याहून मोठ्यानं.